काकूची नाचणी आणि लालतोंडी माकडं

हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय. उद्या सकाळी मी पोलादपूरला घरी जाणार, तिथून कॉलेज, मग परीक्षा, आणि मग हे राहूनच जाईल. वाडीत रेंज फक्त या एका कातळावर येते आणि मोबाईलची बॅटरी निम्म्यावर आलीये. त्यामुळे आठवेल तसं टाइप करत सुटते, शुद्धलेखनाच्या चुका काढत बसू नका.

मी प्राणीशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी प्राणी निवडायचा होता तेव्हा मॅडम म्हणाल्या, रोज डोळ्यासमोर असतो तो घ्या, बिबट्याच्या मागे लागू नका. मी माकडं घेतली, कारण दिवाळीच्या सुट्टीत काकूकडे जायचंच होतं आणि तिथे माकडांना तोटा नाही. काकू म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. वरंधच्या वर डोंगरावर आमची वाडी आहे. त्यातली निम्मी घरं गणपती आणि शिमग्यापुरती उघडतात. काका आणि चुलतभाऊ दोघंही मुंबईत कामाला. काकू एकटी इथे, दोन गाई, एक वासरू आणि डोंगराच्या उतारावरचा नाचणीचा तुकडा घेऊन.

त्या तुकड्याचं असं होतं की गेली दोन वर्षं माकडांनी तो जवळजवळ साफ केला होता. काका दर दोन दिवसांनी फोन करून तेच सांगायचे, कशाला माकडांसाठी राबतेस, इकडे ये. मी आले त्याच संध्याकाळी काकू याच कातळावर उभी राहून त्यांना म्हणाली, "औंदा नाचणी घरात आली तर पुढच्या सालाला पेरीन. नाय आली तर गाई देते कुणाला तरी नि येते तिकडं. मग बोलू नका परत." फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, "आता तू हायस ना राखणीला." मी म्हटलं, हो, आहे की. मला काय, वही भरायची होती.

आता माकडांचं सांगते. वाडीतली माणसं सरसकट वांदरं म्हणतात, पण ती दोन जातींची आहेत. एक काळ्या तोंडाची, राखाडी अंगाची, लांब शेपटीची वानरं. ती उंच झाडावर बसून मुख्यतः पानं खातात. त्यांच्या पोटात कप्पे असतात, पाला तिथे आंबतो आणि मग पचतो, साधारण आपल्या गाईचं असतं तसं. त्यामुळे खाऊन झालं की ती तासन् तास पोट सोडून बसतात आणि ढेकर देतात. खरंच देतात, खाली उभं राहिलं की ऐकू येतात.

दुसरी लालतोंडी. वरंध घाटात गाड्यांच्या टपावर चढून वेफर्सची पाकिटं ओढतात ना, तीच जात. डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखे केस. यांच्या दोन्ही गालांना आतून पिशव्या असतात. खायला वेळ नसला की कणसं ओरबाडून दाणे गालात भरायचे आणि झाडावर जाऊन निवांत चावायचे. काळतोंड्यांना तसल्या पिशव्या नाहीत, त्यांना जागेवर बसून खावं लागतं, म्हणून ती सगळ्यांना दिसतात आणि शिव्या पण तीच खातात. लालतोंडी येतात, दोन मिनिटांत गाल फुगवतात आणि जातात. पहिल्या चार दिवसांत मी हे इतकं बघितलं की मला शेतापेक्षा टोळीच जास्त ओळखीची झाली. टोळीत माद्या जन्मभर राहतात, नर मोठे झाले की दुसऱ्या टोळीत जातात. कुणी कुणाच्या उवा बघायच्या, कुणी आधी खायचं, हे सगळं ठरलेलं. एका मादीची शेपटी अर्धी तुटलेली होती. वयस्कर होती, आणि शेतात पहिलं पाऊल नेहमी तिचंच. ती शेताच्या कडेच्या उंबराच्या खालच्या फांदीवर यायची, खोपीकडे बघायची, आणि तिनं बांधावर उडी मारली की बाकीची मागून.

खोप म्हणजे शेताच्या कडेला चार मेढींवर पेंढा टाकलेला आडोसा. काकू तिथे गोफण घेऊन बसायची. सुतळीची विणलेली, मधे दगड ठेवायला खळगा. काकू उभी राहून ती दोनदा डोक्यावरून फिरवायची आणि दगड उंबराच्या बुंध्यावर, म्हणजे बुंध्यावरच, जाऊन लागायचा. माकडाला ती मारत नसे. जवळ मारायची. तेवढ्यानं टोळी निम्म्या डोंगरावर.

फक्त शनिवारी नाही. शनिवार मारुतीचा. त्या दिवशी वाडीत कुणीच वांदरावर दगड उचलत नाही. काकू तर त्या दिवशी गोफण घरातच खुंटीला ठेवते आणि पत्र्याचा डबा घेऊन जाते. मी आल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी टोळी सकाळी आठलाच हजर. डबा बडवून बडवून माझे हात दुखले. वरच्या अंगाची दोन पट्टे कणसं गेली.

शेजारच्या तुकड्यातले आबा कुंपणाला टेकून बघत होते. त्यांचा तुकडा ओसाड आहे, त्यामुळे त्यांना वेळच वेळ. म्हणाले, "त्यांना सातीच्या साती वार पाठ हायत. आज शनवार, आज आपल्याला मोकळीक, म्हाईत हाय त्यांना."

मी म्हटलं, "आबा, त्यांना वार नाही कळत. काकूच्या हातात गोफण नाही हे कळतं."

"तुज्या कालेजात माकडं येतात काय शिकायला? नाय ना? मग त्यांना काय कळतं ते तुला कसं कळलं?"

काकू हसली. मी पण हसले, पण ते डोक्यात बसलं. कारण हे सोप्पं होतं, करून बघता येण्यासारखं होतं. शनिवार नसलेल्या दिवशी गोफण न घेता बसायचं. आली तर मी बरोबर.

बुधवारी काकू डोळे दाखवायला महाडला गेली. जाताना गोफण माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "नेम नाय लागला तरी चालंल, फिरव नुसती. पाच-सा दिवस हायत फक्त. खालची कणसं अजून हिरवी हायत."

मी खोपीत गेले. गोफण पेंढ्याखाली सारली. दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवून बसले आणि मोबाईल दगडाला टेकवून व्हिडिओ सुरू केला. ठरवलं होतं की दहा मिनिटं. तुटक्या शेपटीची आली, फांदीवर बसली. माझ्या हातांकडे बघितलं, तोंडाकडे बघितलं, परत हातांकडे. मग दुसरीकडेच बघायला लागली, आपण देवळात ओळखीच्या माणसाला टाळतो तसं. आणि उतरली. मी वहीत वेळ लिहिली. मागून दोन माद्या आल्या, एकीच्या पोटाला सहा-सात महिन्यांचं पिल्लू. ते आईच्या गालाजवळ तोंड नेऊन वास घेत होतं, आई काय खातेय ते शिकत होतं. ते मी लिहिलं. मग बारकी आली, मग दोन मोठे नर. एक माझ्यापासून बैलगाडीच्या लांबीएवढ्या अंतरावर बसून दोन्ही हातांनी कणसं ओढत होता आणि मी त्याच्या गालाची पिशवी कुठपर्यंत लोंबतेय त्याचं चित्र काढत होते.

दहा मिनिटांची चाळीस कधी झाली कळलं नाही. कळलं तेव्हा उठून गोफण फिरवली. दगड माझ्याच पायापुढे दोन हातांवर नाचणीत पडला. जवळच्या नरानं तो पडलेला बघितला आणि परत खायला लागला. मी डबा बडवला, ओरडले, पळत गेले. गाल भरले होते, म्हणून ती गेली. माझ्यामुळे नाही.

मधला भाग मोकळा झाला होता. ताटं उभी, वर कणीस नाही.

काकू संध्याकाळी आली. डोळ्यात औषध घातलेलं, तिला अंधूक दिसत होतं. "आलेली काय?" मी म्हटलं, "आली होती. हाकलली." हे बोलायला मला अजिबात वेळ लागला नाही.

गुरुवारी सकाळी काकू गाई घेऊन गेली आणि राखणीला मी. या वेळी गोफण हातात, अगदी दिसेल अशी. तुटक्या शेपटीची आली, माझ्या हातातली गोफण बघितली, मला बघितलं, आणि उतरली. थांबली पण नाही. म्हणजे त्यांना गोफण कळत नव्हती, किंवा नुसती गोफण कळत नव्हती. गोफण कुणाच्या हातात आहे ते कळत होतं. एका दिवसात त्यांनी माझं नाव कच्च्या लिंबांत घातलं होतं. काकू खालच्या वाटेनं परत येताना दिसली, अजून फार लांब होती, आणि एक नर बारीक आवाजात खॅक् असा खाकरला. सगळी टोळी उंबरावर.

आबा कुंपणाशी होतेच. "मामाच्या घरी आल्यासारखी येतात गो तुज्याकडं. जेवायची पत्रावळ तेवढी घालायची र्‍हायलीय."

काकू बांधावर चढली. आता डोळे निवळले होते. मधला मोकळा भाग बघितला, मग मला विचारलं, "तुज्यावरच का येतात?"

मी सांगून टाकलं. बुधवारी गोफण पेंढ्याखाली ठेवली, मुद्दाम बसले, व्हिडिओ काढला, सगळं. आबांनी कुंपणावरचा हात काढला आणि ते घरी निघून गेले.  काकू ताटांत जाऊन मोडलेली कणसं वेचायला लागली. मी पण वेचायला गेले तर म्हणाली, "र्‍हाऊ दे." रात्री जेवायला वाढलं, भाकरी माझ्या ताटात ठेवली, पण माझ्याशी बोलली नाही. गाईशी बोलत होती.

शुक्रवारी ती स्वतः राखणीला बसली. गाई मी नेल्या. दुपारी भाकरी घेऊन खोपीत गेले. तिनं अर्धी भाकरी खाल्ली आणि शेताकडे बघत विचारलं, "मग त्यांना काय काय कळतं ते तरी सांग आता. एवढी नाचणी घालून शिकलीस ती."

मी सांगितलं. माणूस कळतो, तोंड कळतं. चाल कळत असेल बहुतेक. कोण मारतं, कोण नाही मारत, हे एकदा बघितलं की पुरतं. मोठी बघतात, त्यांचं बघून बारकी शिकतात.

"लुगडं कळतं काय?"

मला माहीत नव्हतं. तिनं घरी जाऊन मला तिची हिरवी साडी नेसवली, डोक्याला टॉवेल बांधला तिच्यासारखा, आणि मला खोपीत बसवून स्वतः करवंदीच्या जाळीमागे लपली. आबा परत आले होते. मला बघून म्हणाले, "वैनी, आज बारीक झालात." जाळीतून काकूचा आवाज आला, "गप बसा हो." तुटक्या शेपटीची आली. या वेळी बराच वेळ बसली, मान एकदा इकडे, एकदा तिकडे. मला वाटलं जमलं. मग पाय आखडला म्हणून मी जरा उठले, आणि माझं उठणं बघितल्याबरोबर ती उतरली. काकू जाळीतून बाहेर आली तशी परत वर पळाली. काकूला हसू आलं आणि ते तिला आवडलं नाही.

"म्हंजे मीच बसायला पायजे," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "नि उद्या शनवार."

हा खरा प्रश्न होता. कापणीला अजून तीन-चार दिवस. शनिवारभर मोकळीक मिळाली तर उरलेलं सगळं जाणार हे तिघांनाही दिसत होतं. मी म्हटलं, "काकू, गोफण नुसती हातात घे. दगड नको. तुझ्या हातात असली की पुरे."

आबा म्हणाले, "मारुतीला फसवायचा इचार चाललाय वाटतं."

"दगड नाय मारायचा असं हाय," काकू म्हणाली. "सुतळी फिरवायची नाय असं कुणी सांगितलं?"

"मी आपलं बोललो. तुमचा देव, तुमची नाचणी."

शनिवारी सकाळी ती गोफण घेऊन बसली. आठला टोळी आली आणि उंबरावरच थांबली. नऊ वाजले, दहा वाजले. तुटक्या शेपटीची बांधावर आली की काकू उभी राहून रिकामी गोफण फिरवायची, सुतळीचा फट्ट आवाज यायचा, ती परत वर. मी वही काढली नव्हती. घरीच ठेवली होती. साडेदहाला एक तरणा नर, बहुतेक दुसऱ्या टोळीतून नवा आलेला, आवाज होऊनही खाली उतरला. त्याला काही लागलं नाही. त्यानं इकडे तिकडे बघितलं आणि एक कणीस ओढलं. तुटक्या शेपटीची त्याच्याकडे बघत राहिली. मग ती उतरली. काकूनं गोफण फिरवली. कुणी हललं नाही. परत फिरवली.

खोपीत पायाशी दगडांचा ढीग होता, आदल्या दिवशीचा. हाताच्या मापाचे, निवडून आणलेले. एक दगड, आणि दिवस वाचला असता. शिवाय बघायला मी आणि कुंपणाशी आबा, दोघंच होतो. मी तिच्याकडे बघितलं. तिनं ढिगाकडे बघितलं. मग गोफण गोळा करून कमरेला खोचली.

"कोयत्या आन," मला म्हणाली. "नि दोन पाट्या. खालनं लागू."

"हिरवी आहेत खालची."

"वाळतील. त्यांच्या पोटात गेली तर वाळायची नायत."

मी पळत घरी गेले. वाटेत दोन घरांत सांगितलं, दोन बायका कोयती घेऊन मागून निघाल्या. परत आले तर आबा ओणवे होऊन कणसं कापत होते. मला पाटी पुढे करायला सांगितली.

मग दुपारपर्यंत जे चाललं ते मी कुठल्याच प्रोजेक्टमध्ये लिहू शकणार नाही. एका शेतात खालून आम्ही पाच माणसं कापत वर चढत होतो आणि वरून टोळी खात खाली येत होती. कुणी कुणाला हाकलत नव्हतं. डबा नाही, आरडाओरडा नाही. कोयतीचा कर्र आवाज आणि त्यांचं कुडुमकुडुम. आम्ही एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर गेलो की ती एक पट्टा मागे सरायची, गाल भरून जायची, परत यायची. पाटी भरली की मी घरी ओतून यायचे. शेवटी आमच्यात आणि त्यांच्यात चार-पाच हात नाचणी उरली. एका बाजूला काकू, दुसऱ्या बाजूला तुटक्या शेपटीची, तिच्या मागे पिल्लू. काकूनं कमरेवर हात ठेवून पाठ ताठ केली.

"एवढी असू दे तिला," आबा म्हणाले.

"का म्हणून?" काकू म्हणाली, आणि वाकून कापली. सगळी. मादी दात दाखवून मागे सरली आणि उंबरावर गेली.

चार दिवस कणसं घरात ढिगाला होती, मग ऊन दिलं, काल झोडली. हिरव्यातलं पोचट बरंच निघालं, ते गाईला. पण दाणा आला. भरपूर नाही, काकू एकटीला वर्षाच्या भाकरीला पुरेल आणि बी बाजूला निघेल एवढा. मधला भाग मोकळा झाला नसता तर आणखी एक पोतं झालं असतं, हे आबांनी माझ्यादेखत दोनदा सांगितलं.

आज दुपारी काकांचा फोन आला. काकू माझ्या शेजारी याच कातळावर उभी होती.

"आली काय?" काका.

"आली."

"किती?"

"आली म्हटलं ना. गाई नाय द्यायच्या कुणाला."

त्यावर काकांनी मुंबईत थंडी पडायला लागल्याचं सांगितलं. फोन ठेवून काकू माझ्याकडे वळली. "पुढच्या साली राखणीला येऊ नको हां तू. तुला ओळखतात ती." मग दोन पावलं गेल्यावर म्हणाली, "कापायला ये."

मी ते हसण्यावारी नेलं नाही. प्रोजेक्टमध्ये बुधवारचा व्हिडिओ टाकायचा की नाही, ते अजून ठरत नाहीये. तो सगळ्यात चांगला आलाय, पिशवी स्पष्ट दिसते.

बॅटरी संपत आलीये, म्हणून पटकन विचारते. तुमच्याकडे माकडं माणूस ओळखून येतात का, एकावर येतात आणि दुसऱ्यावर येत नाहीत असं? आणि तुमच्या शिकण्यापायी घरातल्याच कुणाचं असं नुकसान झालंय का कधी? झालं असेल तर तुम्ही लगेच सांगितलंत, की माझ्यासारखा एक दिवस घेतलात?